सतराव्या होलवरचा लव्हाळा

अन्याय सुनंदाताईवर झाला. गेल्या वर्षी, मार्गशीर्षातल्या तिसऱ्या रविवारी, सकाळी अकराला दहा मिनिटं कमी असताना, दौलताबादच्या वाटेवरच्या जुन्या गोल्फ मैदानात, सतराव्या होलवर. वेळ मला नेमकी ठाऊक आहे, कारण त्या क्षणी मी घड्याळाकडे बघत होते. तिच्याकडे बघवत नव्हतं म्हणून घड्याळाकडे बघत होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी इतरांवर बोट ठेवीन तेव्हा मी स्वतः कुठं उभी होते ते तुम्हाला माहीत असेल.

यंदाची थंडी मला आधी वासातून कळली. परवा सकाळी स्कूटीवरून त्या बाजूला गेले होते, एका वस्तीत पत्रकं वाटायला. बोटं गारठलेली, कागदाची कड बोटांना कापत होती. रस्त्याच्या दोन्ही अंगांना सगळं पिवळं-तपकिरी पडलेलं. तुरीच्या शेंगा भरलेल्या, पऱ्हाटीवर उरलासुरला कापूस. आणि अचानक त्या लांबलचक दगडी कंपाउंडापलीकडून कापलेल्या गवताचा वास आला. ओला, हिरवा, किंचित काकडीसारखा. मी करकचून ब्रेक लावला. मागच्या रिक्षावाल्यानं शिवी घातली, ती बरोबरच होती. भर रस्त्यात गाडी थांबवून रडत बसलेल्या बाईला तो दुसरं काय म्हणणार?

मैदान निजामाच्या काळातलं. कुण्या गोऱ्या इंजिनिअरानं आखलं, असं पप्पा सांगतात. पप्पा तिथले कारकून. मी मैदानामागच्या नोकरांच्या खोल्यांमध्ये वाढले. लांबवर देवगिरीचा किल्ला, अलीकडे लिंबाची आणि चिंचेची झाडं, आणि त्यांच्यामधून वळणं घेत जाणाऱ्या हिरव्या पट्ट्या. होल, म्हणजे चेंडू घालायची भोकं, नऊच. म्हणून दोनदा फिरायचं आणि अठरा म्हणायचे. लहानपणी मला वाटायचं की ते हिरवं आपोआप हिरवं असतं. मग टँकर दिसायला लागले. आमच्या नळाला पाणी येण्याचा वार ठरलेला नव्हता, गवताचा ठरलेला होता. मी पुढं एका संघटनेत गेले, पत्रकं लिहायला लागले, त्याचं मूळ बहुतेक तिथंच आहे.

आणि तरी मला तो खेळ आवडायचा. संघटनेतल्या पोरांनी त्यावरून माझी भरपूर खेचली. एकदा क्रांती चौकातली निदर्शनं आटोपून चहा पीत होतो, तर एकानं सगळ्यांसमोर विचारलं की उद्या कोणत्या जहागीरदाराबरोबर खेळणार आहात. सगळे हसले, मीही हसले. सांगायला हवं होतं की जहागीरदाराबरोबर नाही, गवत कापणाऱ्या बाईबरोबर.

सोमवारी ते मैदान सभासदांना बंद असायचं. सोमवार नोकरांचा, ही तिथली जुनी रीत. माळी, पहारेकरी, आचारी, ज्याला हौस असेल त्यानं सकाळी नऊपर्यंत खेळावं. काठ्या सभासदांनी टाकून दिलेल्या, मुठींवर चिकटपट्टी गुंडाळलेली. बायका मात्र खेळत नसत. त्या कडेला बसून तंबाखू मळायच्या आणि पुरुषांचे चेंडू झुडपात गेले की नावं ठेवायच्या. त्यांच्यातच सुनंदाताई होती. गंगापूरकडची, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, अकरा वर्षं त्या मैदानाचं गवत कापणारी. एका सोमवारी एका माळ्यानं चेष्टेनं तिच्या हातात काठी दिली. तिचा चेंडू लिंबाच्या शेंड्यावरून गेला. माळी म्हणाला, नशीब. तिनं परत मारला. तो म्हणाला, परत नशीब. तिसऱ्यांदा मारला तेव्हा त्याला चहाची आठवण झाली.

मी तिच्याकडून शिकले ते शिकवण्यातून नाही, बघण्यातून. ती लहानपणापासून कापूस वेचत आलेली. बोंडाचं टोक बोटाला टोचू द्यायचं नाही, पाल्याचा कण येऊ द्यायचा नाही, तीन बोटांनी अलगद ओढून घ्यायचं. काठीही ती तशीच धरायची. जोर नाही, घाई नाही. झेंड्याभोवती जे अगदी बारीक कापलेलं गवत असतं त्याला ग्रीन म्हणतात. तिथं चेंडू उडवायचा नसतो, हळूच ढकलायचा असतो. सभासद तिथं गुडघ्यावर बसून, एक डोळा मिटून उतार बघत बसतात. सुनंदाताई चपला काढायची आणि अनवाणी दोन पावलं चालायची, बस.

"गवत कुण्या अंगाला झोपलंय ते पायाला कळतं, बारके," ती मला म्हणाली होती. "मीच झोपवलंय त्याला."

बारके म्हणजे मी. सव्वीस वर्षांची झाले तरी बारकेच.

दर मार्गशीर्षात बाहेरगावच्या एका क्लबाच्या बायका आमच्याकडे खेळायला येतात, एखाद्या वर्षी इकडच्या तिकडं जातात. हौशी सामना, तिघी इकडच्या, तिघी तिकडच्या. एकीसमोर एक, अशा तीन लढती. ज्यांच्या दोघी जिंकल्या तो संघ जिंकला. यात एकूण फटके कुणी मोजत नाही. प्रत्येक होल ही स्वतंत्र झुंज. कमी फटक्यांत चेंडू आत घातलास तर तो होल तुझा, नाहीतर तिचा, आणि मागचं मागं टाकून पुढं चालायचं. मला हे फार थोर वाटायचं. एका होलवर धुव्वा उडाला तरी पुढच्या होलवर दोघी पुन्हा शेजारी शेजारी उभ्या. असं जगातही करता आलं पाहिजे, असं मी एकदा डायरीत लिहिलं होतं. ती डायरी आता उघडवत नाही.

गेल्या वर्षी क्लबाला तिघी मिळेनात. एकीचं गुडघ्याचं ऑपरेशन, एक मुलीच्या बाळंतपणाला परदेशात. संघाच्या कप्तान मोहिते मॅडम. त्यांचा स्वतःचा खांदा दुखायचा, म्हणून त्या खेळत नव्हत्या, पण निवड, कपडे, जेवण, सगळं त्या बघायच्या. नोकरवर्गातल्या बायका घ्या, हे त्यांनीच सुचवलं. हे मी मुद्दाम लिहिते आहे. वाईट माणसाबद्दल पत्रक लिहिणं सोपं असतं. तर संघ असा झाला: निदा, कॉलेजातली पोरगी, तिचे अब्बू सभासद, मी, कारकुनाची मुलगी, आणि सुनंदाताई.

तो महिना. त्याबद्दल नीट लिहिता येईल का माहीत नाही. सकाळी साडेसहाला दव इतकं की बूट पाच मिनिटांत ओले. चेंडू गवतावरून गेला की दवात त्याची काळी रेघ उमटायची, आणि कोण कुठून कुठं गेलं ते सगळं त्या रेघांवरून वाचता यायचं. चिंचेवर पोपटांचा कालवा. निदा थरमॉसमधून चहा आणायची आणि सुनंदाताई रुमालात बांधून दौलताबादचे पेरू. टी-शर्ट कॉलरवालाच हवा, असा नियम. सुनंदाताईनं तो पहिल्या दिवशी साडीवरच चढवला, कॉलर ताठ करून, आणि मॅडमसमोर सॅल्यूट ठोकून उभी राहिली. मॅडमसुद्धा हसल्या. मग निदानं आपली सलवार आणि ओढणी दिली, सलवार घोट्याच्या वरच थांबली.

सामन्यात एक रिवाज असतो. चेंडू भोकाच्या इतका जवळ आला की आता चुकणं शक्यच नाही, तर समोरची बाई म्हणते, उचल. म्हणजे तो फटका तुला सोडला, मारायची गरज नाही. आमच्या सोमवारी कुणी कुणाला काही सोडत नसे, वीतभर अंतरावरूनही मारूनच दाखवावं लागायचं. निदानं पहिल्यांदा उचल म्हटलं तेव्हा सुनंदाताईचा विश्वासच बसेना. फुकट का म्हणून देते ही, असं तिनं मला बाजूला घेऊन विचारलं. निदा वैतागून म्हणाली, "आपा, कायकू डरते? इज्जत है ये. लेलो."

आणि मी काय केलं? मला जे येतं ते. पत्रक काढलं.

नियमांचं पुस्तक इंग्रजीत आणि जाडजूड. सुनंदाताईला मराठी वाचता येतं, पण अडखळत. म्हणून मी एका कागदाला दोन घड्या घातल्या आणि मोठ्या अक्षरात वीस मुद्दे बसवले. संघटनेत मला हेच शिकवलंय. एक कागद, वीस वाक्यं, आणि बसस्टॉपवर उभ्याउभ्या वाचणाऱ्याला कळलं पाहिजे. एकविसावा मुद्दा बसेना. तो असा होता: चेंडूच्या जवळ किंवा त्याच्या वाटेत उगवलेलं काहीही उपटू नये, मोडू नये, वाकवू नये, तसं केल्यास तो होल गेला. मला वाटलं, हे कोण कशाला करेल? खेळायला आलेला माणूस गवत उपटेल होय? मी तो मुद्दा काढला आणि अक्षर मोठं ठेवलं.

अकरा वर्षं तण उपटणाऱ्या बाईच्या पत्रकातून.

तो कागद तिनं पाठ केला होता. गवत कापता कापता ती पुटपुटायची, मुद्दा चौथा, मुद्दा पाचवा. बाकीच्या बायका म्हणायच्या, सुनंदा पोथी वाचायला लागली.

सामन्याच्या दिवशी मी लवकर हरले. खोटं कशाला, वाईट हरले. निदा जिंकली. एक-एक. म्हणजे सगळं सुनंदाताईवर आलं. तिच्यासमोर कामत काकू होत्या, पाहुण्या संघातल्या सर्वांत वयस्कर, पांढरे केस, डोक्यावर कापडी टोपी, प्रत्येक फटक्यानंतर स्वतःशीच चुकचुकणाऱ्या. दोघींची मजेत चालली होती. पाचव्या होलपर्यंत काकूंनी विचारून घेतलं होतं की गाव कुठलं, भाऊ किती, कापूस कसा आला. सतराव्यावर पोचल्या तेव्हा सुनंदाताई एका होलनं पुढं होती. हा होल जिंकला की लढत संपली, सामना आपला.

सतरावा होल क्लबाच्या व्हरांड्यासमोर आहे. चाळीसेक माणसं कॉफीचे कप घेऊन कठड्याशी उभी होती. तुमच्यापैकी काहीजण त्यांत होते. मला चेहरे आठवतात.

काकूंचा चेंडू ग्रीनवर, भोकापासून लांब, आणि त्यांचा एक फटका जास्त झालेला. सुनंदाताईचा ग्रीनच्या कडेला, दोन पावलं बाहेर. ती चेंडूपाशी आली, चपला काढल्या, वाट बघितली. चेंडूच्या पुढं हातभर अंतरावर लव्हाळ्याचं एक पातं उभं होतं. लव्हाळा म्हणजे गवताचा वैरी. वरून तोडला तर आठवड्यात परत येतो, खाली गाठ असते ती निघाली पाहिजे. सुनंदाताई वाकली. दोन बोटं मुळाशी घातली, मनगट जरासं फिरवलं, गाठीसकट लव्हाळा बाहेर. माती झटकली आणि तो ओढणीच्या टोकाला बांधला, कारण तण मैदानात टाकायचं नसतं. हे सगळं इतकं पटकन आणि इतकं सवयीनं झालं की ती स्वतः ते करत होती असं म्हणताच येणार नाही. तिचे हात करत होते.

मग तिनं चेंडू मारला. तो भोकापासून वीतभरावर जाऊन थांबला. काकूंचा फटका चुकला. काकूंनी टोपी काढली, हात पुढं केला आणि म्हणाल्या, "उचला, बाई. तुमचाच आहे."

व्हरांड्यात टाळ्या. निदा ओरडत धावली. सुनंदाताई चेंडू उचलायचं विसरून काकूंचा हात दोन्ही हातांत धरून उभी होती.

"एक मिनिट," मोहिते मॅडम म्हणाल्या. त्या लिंबाखाली उभ्या होत्या. ग्रीनवर चालत आल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, उलट फार शांत होता. त्यांनी विचारलं, "सुनंदा, तू आत्ता गवत उपटलंस का?"

"व्हय मॅडम. लव्हाळा होता."

मॅडमनी सगळ्यांना ऐकू जाईल असा नियम सांगितला. होल गेला. काकू म्हणाल्या की माझी काही तक्रार नाही. मी पाहिलं होतं आणि सोडून दिलं होतं, असंही त्या म्हणाल्या. आता इथं नीट ऐका, कारण सगळं इथं आहे. या प्रकारच्या खेळात समोरच्या खेळाडूनं चूक पाहूनही सोडून दिली, तर ती सुटते. तो तिचा हक्क आहे. हेही त्याच जाड पुस्तकात आहे. मी ते वाचलं होतं. त्या मैदानावर तेव्हा ते वाचलेली माणसं कदाचित दोनच होती, मॅडम आणि मी. मॅडम म्हणाल्या, आमचा क्लब चुकीचा होल घेत नाही. आणि मी घड्याळाकडे बघत होते.

का? वर्षभर हाच प्रश्न आहे. भर चौकात पोलिसांसमोर भोंग्यावर बोलणारी मी. स्वतः हरल्याची लाज होती? पाहुण्यांसमोर आपल्या कप्तानाला खोटं पाडायचं कसं, असं वाटलं? पप्पा व्हरांड्यात वही घेऊन उभे होते, त्यांच्याकडे एकदा बघितलं. त्यांनी मान अगदी थोडी हलवली. नको. आणि त्याहून वाईट सांगू का? त्या क्षणी मला तो एकविसावा मुद्दा आठवला. तोंड उघडलं तर तो बाहेर येईल, अशी भीती वाटली.

सभासदांच्या सामन्यात साहेबलोक बुटाच्या टोकानं चेंडू सरकवतात, मी लहानपणापासून बघत आले आहे. तेव्हा हशा होतो. तेव्हा क्लबाची अब्रू कुठं असते कोण जाणे.

अठराव्याकडे चालताना मागून मॅडमचं वाक्य आलं, शेजारच्या बाईला हळूच सांगितलेलं. "शेवटी गवतवालीच की हो." हळूच बोललेलं सगळ्यांत लांब ऐकू जातं. सुनंदाताईची पाठ आमच्याकडे होती. पाठीवरून काही कळलं नाही. अठराव्यावर तिनं काठी घट्ट धरली, आयुष्यात पहिल्यांदा. चेंडू चिंचेत गेला. तो होल गेला, लढत गेली, सामना गेला.

जेवायला बोलावलं तेव्हा ती नव्हती. मी शोधत गेले. ती सतराव्यावर होती, टी-शर्ट तसाच, अनवाणी. घमेल्यात बारीक वाळू आणली होती. लव्हाळा निघाला तिथं बोटाएवढा खड्डा राहिला होता. तो ती वाळूनं भरत होती आणि टाचेनं दाबत होती.

मी म्हणाले, ताई, माझं चुकलं. ती म्हणाली, "तुझ्या कागदावर नव्हतं गं ते." राग नव्हता त्यात. आश्चर्य होतं. वीसच्या वीस पाठ केले होते, तर हा कुठून आला, असं काहीसं. त्यापेक्षा तिनं मला थोबाडीत मारली असती तर मी आज जरा बरी असते.

पौषात सोमवार बंद झाले. देखभालीसाठी, असा कागद लागला. सुनंदाताईला मैदानावरून काढून मागच्या खतखड्ड्यावर लावलं. काही आठवडे आली, मग यायची थांबली. मी गेले का तिच्याकडे? नाही गेले. मोर्चे होते, पत्रकं होती, कन्नडला शिबिर होतं. माणसाला जायचं नसलं की कामं भरपूर निघतात.

यंदा कार्तिकात संघाची यादी लागली. तिथला नियम आहे की गेल्या वर्षीच्या तिघींचा पहिला हक्क, त्यांनी स्वतः सोडला तरच जागा दुसरीला. यादीत निदा होती, मी होते, तिसरं नाव नवीन होतं. मी कार्यालयात जाऊन विचारलं. पप्पा जेवायला घरी गेले होते, शिपायानं सभेची वही दाखवली. गेल्या पौषातलं पान. 'श्रीमती सुनंदा यांनी संघातून स्वेच्छेने माघार घेतली.'

अक्षर गोल, टपोरं, प्रत्येक वेलांटी पूर्ण. त्या अक्षरात माझ्या शाळेच्या वह्यांवर माझं नाव लिहिलेलं आहे. तरुणपणी याच अक्षरात पप्पा भिंतींवर घोषणा लिहायचे, आई कौतुकानं सांगायची. मी यादीतलं माझं नाव खोडलं आणि घरी आले.

"पप्पा, तिनं माघार कधी घेतली?"

ते भाकरी खात होते. "मॅडमनी सांगितलं, मी लिहिलं."

"तुम्ही होतात तिथं. तुम्ही बघितलंत."

त्यांनी हातातला तुकडा ताटात ठेवला. "मार्चमध्ये रिटायर होतोय मी," ते म्हणाले. "खोली लगेच सोडायला लावायची की सहा महिने राहू द्यायचं, ते त्यांच्याच हातात आहे. तुझं बरंय. तुला भांडता येतं."

मी ताटावरून उठले. तेव्हापासून आम्ही दोघं एकमेकांशी फार सभ्यपणे बोलतो. घरात याहून वाईट काही नसतं.

मग मात्र मी गंगापूरला गेले. जीपमध्ये चेंगरून, पुढं पायी. सुनंदाताई भावाच्या रानात कापूस वेचत होती, कमरेला ओटी बांधलेली, अर्धी भरलेली. उन्हानं काळवंडली होती. मला बघून हसली आणि म्हणाली, "वाळलीस लई. जेवत नाय का?" मी ओटी बांधली आणि तिच्या शेजारच्या ओळीला लागले. बोंडं टोचत होती. ती दोन ओळी संपवायची तोवर माझी अर्धी. तिनं माझ्या ओटीतला कापूस बघितला, त्यातला पाल्याचा कचरा बघितला आणि तो वेचून काढला.

मी सगळं सांगितलं. क्लबाला अर्ज देते, सह्या गोळा करते, गरज पडली तर फाटकासमोर बसते. ती ऐकत होती, हात चालू होते. मग म्हणाली, "मला तुझा मोर्चा नको, बारके. तिथं परत यायचं नाय मला."

मी विचारलं, खेळाची आठवण येत नाही का. ती वेचत राहिली. ओळीच्या टोकाला पोचलो. पलीकडं उसाचं रान, पाटाचं पाणी, वर स्वच्छ निळं आभाळ. ती उभी राहिली, पाठ सरळ केली आणि दोन्ही हात एकमेकांवर ठेवून हवेतच एकदा फिरवले. काठी नव्हती. खांदा वळला, टाच उचलली, नजर लांब गेली. लिंबाच्या शेंड्यावरून जाईल असा फटका होता तो. मग तिनं हात खाली केले.

"मी माघार घेतली नव्हती," ती म्हणाली. "हरले मी. हरले असं लिहा. पण सोडून गेली असं कोणी लिहायचं नाय. एवढं मातर बघ."

मी अर्ज दिला. उत्तर आलं की वहीत नोंद आहे, नोंदीविरुद्ध एकटीचं म्हणणं चालणार नाही, प्रत्यक्ष हजर असलेल्यांचे लेखी जबाब आणा. निदानं त्याच दिवशी लिहून दिलं. कामत काकूंनी पत्र पाठवलं, थरथरत्या अक्षरात चार पानं, आणि त्यात मला माहीत नव्हतं असं एक वाक्य आहे: अठराव्यानंतर सुनंदाबाईंनी मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाल्या, पुढल्या वर्षी परत खेळू. पुढल्या वर्षी. माघार घेणारी बाई असं म्हणते? समितीचं म्हणणं, काकू बाहेरच्या आहेत. निदा लहान आहे. आणि मी तर मीच आहे.

सामना पुढच्या रविवारी आहे. त्याआधी, शनिवारी संध्याकाळी, समितीची बैठक. कामत काकू येणार आहेत. त्यांनी मला विचारलं, त्या बाई असतील ना? मी फोन ठेवला आणि हा लेख लिहायला बसले.

म्हणून आता तुमच्याशी बोलते. तुम्ही, जे व्हरांड्यात होतात. हातात कप होता, तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या, आणि मग थांबवल्या होत्या. तुम्हाला सगळं ऐकू आलं होतं. मी गप्प राहिले त्याची शिक्षा मी भोगते आहे, तुम्हाला ती देणारी मी कोण? मला तुमची दिलगिरी नको. सुनंदाताईलाही नको. एक कागद घ्या. त्यावर लिहा की ती खेळली, हरली आणि गेली, माघार घेतल्याचं मी पाहिलं नाही. खाली सही करा. शनिवारच्या आत क्लबाच्या कार्यालयात द्या आणि पोच घ्या.

कार्यालयात तो कागद माझे पप्पा घेतील. पप्पा, तुम्ही रविवारची पुरवणी एकही ओळ न सोडता वाचता, म्हणजे इथपर्यंत आला असाल. उद्या सकाळी वही उघडा. ती ओळ खोडा, आणि तुमच्या त्याच सुंदर अक्षरात शेजारी खरं लिहा.